रबरवाल्या बाई आणि माझी डावी भुवई

माझ्या डाव्या भुवईच्या मधोमध एक खिंड आहे. ट्रक जाणार नाही, पण स्कूटर सहज निघेल. नवीन ओळखीचा माणूस पहिली पाच मिनिटं माझ्याशी न बोलता खिंडीशीच बोलतो. मग धीर करून विचारतो, "अपघात का हो?" एकदा कांदिवलीला मुलगी बघायला गेलो होतो. तिथे मुलीच्या मामांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "मारामाऱ्या वगैरे करता का?" मी खरं तेच सांगितलं, "नाही हो, एका बाईंनी उपटली."

स्थळ तिथेच थांबलं, हे सांगायला नको.

या बाई पार्ल्याच्या. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं साहाय्यक होत्या. निवृत्त झाल्यावर शेजारपाजारच्या बायका भजनाला लागल्या, या रबराला लागल्या. रबर म्हणजे खोडरबर नव्हे. रबराच्या झाडाचा पातळ चीक, लॅटेक्स. दुधासारखा पांढरा. अंगावर लावा, वाळू द्या, की त्याची दुसरी कातडी होते. त्या कातडीतून बाई माणसाची मगर करायच्या, राक्षस करायच्या, कॉलेजातल्या पोरीची ऐंशी वर्षांची म्हातारी करायच्या. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या सगळ्या हौशी नाटकवाल्यांना त्यांचं घर ठाऊक होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दोरीवर चिमटे लावून नाकं वाळत घातलेली. पोस्टमन बदलला की पहिल्या दिवशी हमखास किंचाळायचा.

चीक टिकावा म्हणून त्यात अमोनिया असतो. त्याचा वास जिन्यात पसरायचा. एकदा मी तिथे असताना सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात आले.

"बाई, सार्वजनिक मुतारीचा वास येतो हो जिन्यात."

"अमोनिया आहे तो," बाई म्हणाल्या. "शास्त्रशुद्ध वास आहे. काल तुमच्याकडे मुळ्याची भाजी होती, तिला काही शास्त्र होतं का?"

सेक्रेटरी वर गेले. रुमाल नाकालाच होता.

बाईंचं स्वयंपाकघर हे जगातलं एकमेव स्वयंपाकघर असेल जिथे खायला काही मिळायचं नाही आणि डबे मात्र भरलेले. रव्याचा डबा, साबुदाण्याचा डबा, शेवयांचा डबा. चिकात रवा कालवला की खडबडीत कातडी. शेवया चिकटवून वरून चीक फिरवला की हातावर तटतटलेल्या शिरा. साबुदाणा म्हणजे चामखिळी. चहाचा चोथा म्हणजे जुनी जखम. वाण्याने एकदा सहज विचारलं, "बाई, पाच किलो रवा? घरी कार्य आहे का?" "नाही रे," बाई म्हणाल्या, "मगर आहे." त्यानंतर वाण्याने कधी काही विचारलं नाही.

माणूस भेटला की बाई नमस्कार करत नसत. हनुवटी धरायच्या आणि चेहरा उजेडाकडे फिरवायच्या. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा अंगठ्याने माझं नाक दाबून बघितलं, गाल ओढून बघितला आणि म्हणाल्या, "कातडं छान आहे तुझं. अभिनय येत नसेल ना?"

"असं का म्हणता?"

"ज्यांना येतो त्यांचं कातडं वाईट असतं. हा माझा अनुभव."

अनुभव खरा ठरला. मी अंधेरीच्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायचो आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीला जायचो. सहा वर्षांत मला एकूण अकरा वाक्यं मिळाली होती. त्यातली चार "हो महाराज" अशी होती.

आता भुवईचं. दुसऱ्याच भेटीत बाई माझ्या चेहऱ्यावर राक्षसाचं कपाळ बसवणार होत्या. रबर कातडीवरून छान सुटतं, पण केस म्हणजे त्याचा जीव की प्राण. एकदा धरला की सोडत नाही. म्हणून चीक लावायच्या आधी भुवयांना व्हॅसलीन चोपडायचं. बाईंनी डबी हातात दिली आणि आत गेल्या. मी एक भुवई चोपडली. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. फोन संपला, बाई आल्या, म्हणाल्या, "व्हॅसलीन लावलंस?" मी म्हणालो, "हो." खोटं नव्हतं ते. लावलं होतं. एकीला.

तासाभराने बाईंनी कपाळ सोलायला घेतलं. उजवीकडून मलमलीसारखं निघालं. डावीकडे पोचल्यावर माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. बाईंनी हातातलं कपाळ उजेडात धरलं. आत माझी भुवई होती. जशीच्या तशी, दाट, देखणी.

"वा!" बाई म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा हिलाच जास्त काम मिळेल."

पुढे भुवई आली, पण पूर्ण आली नाही. खिंड राहिली.

बाईंचा एक नियम होता. कुणाच्याही अंगाला चीक लावायचा तर आदल्या दिवशी त्याने येऊन मनगट पुढे करायचं. आतल्या बाजूला बाई बॉलपेनने गोल काढायच्या आणि त्यात एक थेंब सारवायच्या. काही लोकांच्या अंगाला रबर सोसत नाही. खाज येते, पित्त उठतं, कुणाचा घसा सुजतो. दुसऱ्या दिवशी गोल लाल दिसला की तो नट बाद, मग तो नायक का असेना. "आधी मनगट, मग माणूस," हे त्यांचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मी एकदा विचारलं, "बाई, तुमचं मनगट कधी तपासलंत?"

"मी काय नट आहे?" त्या म्हणाल्या, आणि उघड्या हातांनी चीक ढवळत राहिल्या. हातमोजे त्यांना आवडत नसत. चेहरा बोटांना कळला पाहिजे, म्हणायच्या.

मगरीचं आता टाळत नाही. बोरिवलीला बालनाट्याचा प्रयोग होता, तोही नरकचतुर्दशीला, दुपारी. मला मगरीचं काम. वाक्य एकही नाही, पण रंगमंचावर पूर्ण वेळ. बाईंनी माझ्या उघड्या पाठीवर, दंडांवर रवा कालवलेल्या चिकाचे चार थर दिले, वर हिरवा रंग. सुरुवात करण्याआधी त्यांनी विचारलं, "अंगाला तेलबिल नाही ना?"

तेल लागलं की रबराची वाट लागते. धरतच नाही, आणि धरलंच तर विरघळून सुटतं. हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी पहाटे आईने मला पाटावर बसवून, खोबरेल तेल कोमट करून, पाठ रगडून अभ्यंगस्नान घातलं होतं. वय वर्षं सत्तावीस. शेजारी माकडाचं काम करणारी मुलगी बसली होती आणि ती मला आवडत होती. तिच्यादेखत, आईने मला न्हाऊ घातलं हे मी कसं सांगणार?

"छे!" मी म्हणालो.

पहिला अंक झकास गेला. दुसऱ्या अंकात दिवे तापले. मी पोटावर सरपटत माकडाकडे निघालो आणि मला पाठीवर गार वारा लागला. मागे वळून बघितलं तर माझी पाठ माझ्यामागे दोन फुटांवर पडलेली. अख्खी. खवल्यांसकट.

सभागृहात तीनशे पोरं.  मग पुढच्या रांगेतला एक जण उठून ओरडला, "मम्मी, मगर नंगू झाली!"

मी विंगेकडे बघितलं. तिथे बाई उभ्या. मला वाटलं, आता जोडा येतोय. बाईंनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडल्या, "साप हो! अरे बावळटा, कात टाकलीस, आता साप हो!"

मी साप झालो. फुत्कार टाकले. माकड आधी गोंधळलं, मग झाडावर चढलं. पोरांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की पुढच्या प्रयोगाला आयोजकांनीच सांगितलं, "तो मगरीचा साप होतो ना, तोच ठेवा." ठेवला. फक्त आता मुद्दाम तेल लावावं लागायचं. बाईंना माझ्या आंघोळीची हकिगत आईकडूनच कळली. त्या ओरडल्या नाहीत. दरवर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी तालमीत येऊन विचारायला लागल्या, "तेल तापवलं का रे आईने?" तेही त्या माकड झालेल्या मुलीसमोर.

असे आमचे दिवस चालले होते. आणि मग केतकीचं नाटक आलं.

केतकी माहुलची. कोळ्यांची मुलगी, वय बावीस, आई कांदिवलीच्या बाजारात मासळी विकायची. नाटकात केतकीला ऐंशी वर्षांची मासळीवाली व्हायचं होतं, जिची बाजारातली बसायची जागा नव्या इमारतीसाठी काढून घेताहेत. एकांकिका स्पर्धेच्या पहिल्या फेरीत बाईंनी तिची अशी म्हातारी केली की लोकांनी तिला बसायला खुर्ची दिली. अंतिम फेरी मुलुंडला होती. तिच्या दोन दिवस आधी बाईंचा फोन आला, "ये. आणि डबे तू उचलायचेस."

गेलो. दारे-खिडक्या उघड्या. दोरीवर एकही नाक नाही. बाई लांब बाह्यांचा ब्लाउज घालून दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. ओठ सुजलेला. बाही वर केली. कोपरापर्यंत हात लाल, सोललेला.

"कधीपासून?"

"वर्ष झालं. मला वाटलं, भांड्याच्या साबणाने होतंय." थोड्या थांबल्या. "परवा श्वास अडकला. डॉक्टर म्हणाले, आता एक थेंब नाही. हातमोजा नाही, वाळलेल्या रबराची उडणारी पावडर नाही. फुगासुद्धा नाही म्हणाले. फुगा! म्हणजे आता मी वाढदिवसालाही जायची नाही."

मी हसायचा प्रयत्न केला. त्याही हसल्या. बाईंच्या हातांशिवाय बाई म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

"मग केतकीचं?"

"तू करणार."

मी अक्षरशः मागे बघितलं, कुणी दुसरा उभा आहे का म्हणून.

"बाई, मी? माझी भुवई बघा. मगर आठवा. सगळा सत्यानाश मीच केलाय!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "व्हॅसलीन विसरलास, तेल लपवलंस, एकदा डब्याचं झाकण उघडं टाकून पाच लिटर चिकाची उशी केलीस. होण्यासारख्या सगळ्या चुका तू करून बसलायस. बाकीचे अजून करायचे आहेत. स्पर्धेच्या दिवशी मला नवशिका नकोय."

मुलुंडला मी आणि केतकी एका टॅक्सीत, डबा डिकीत. बाई दुसऱ्या टॅक्सीने. वाटेत ड्रायव्हरने नाक मुरडलं, "मॅडम, मच्छी है क्या पीछे?" केतकी उसळली, "मच्छी ऐसी नहीं बास मारती, भाऊ. मेरेको पूछो."

मेकअपच्या खोलीत आम्ही दोघं. बाई बाहेरच्या उघड्या गच्चीत, वाऱ्याच्या बाजूला, आणि मधे फोनचा व्हिडिओ. माझा फोन मी आरशाला टेकवून ठेवला होता. बाईंना त्यांचा फोन नीट धरता येत नव्हता, त्यामुळे मला संपूर्ण वेळ त्यांचं कपाळ आणि वरचं आकाश दिसत होतं. कपाळ बोलत होतं.

"मनगट?"

"काल बघितलं. साफ आहे."

"तेल?"

"केतकी, तेल?"

"नाय रे बाबा. साबणाने तीनदा धुतलंय."

"भुवया?"

"दोन्ही," मी म्हणालो. "दोन्ही, बाई. मोजल्या."

"मग ताण कातडी."

सुरकुती कशी करतात ते सांगतो. एका हाताने गालाची कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हाताने स्पंजच्या तुकड्याने चीक टिपायचा. ताणलेलीच धरून ड्रायरचा गार वारा द्यायचा. वाळली की वर पावडर मारायची, नाहीतर रबर रबराला चिकटतं. मग सोडायचं. सोडल्यावर गाल आकसतो आणि बावीस वर्षांच्या गालावर साठ वर्षं एकदम उतरतात. पहिल्यांदा ते माझ्या हाताखाली झालं तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो की कपाळ फोनमधून गायब झालं आणि जमीन दिसायला लागली.

"काय झालं? काय झालं रे?"

"सुरकुती, बाई! सुरकुती आली!"

"अरे गाढवा, मला वाटलं डोळा गेला. पुढे चल."

कपाळ झालं, डोळ्यांच्या कडा झाल्या, मान झाली. शेवयांच्या शिरा हातांवर चढल्या, तळव्यांनाही चीक लागला. डावा हात पुरा झाला. उजव्या हाताचा शेवटचा थर वाळला आणि पहिली घंटा झाली. केतकी घाबरली. घाबरल्यावर माणूस करतो तेच तिने केलं, मूठ आवळली.

आणि उघडेना.

"काय केलंस?" कपाळाने विचारलं. त्यांना मूठ दिसत नव्हती, पण आमच्या गप्प बसण्यावरून कळलं.

"पावडर," मी म्हणालो. "उजव्या तळव्याला मारायची राहिली. बोटं चिकटली."

म्हणजे एक चूक शिल्लक होतीच.

केतकी मूठ ओढायला लागली. तळव्यावरचं रबर ताणून पांढरं पडलं. आणखी जराशी ओढली असती तर चिंध्या झाल्या असत्या, आणि तासाभराची म्हातारी तिथेच संपली असती. दुसरी घंटा झाली. केतकीच्या डोळ्यांत पाणी. मी "रडू नको, मेकअप जाईल" एवढंच म्हणू शकत होतो.

पहिल्यांदाच फोनमध्ये बाईंचा पूर्ण चेहरा आला. सुजका ओठ, विस्कटलेले केस, आणि डोळे थेट बोरिवलीच्या विंगेतल्यासारखे.

"उघडू नकोस!" त्या ओरडल्या. "केतकी, ऐक माझं. मूठ बंदच राहू दे. म्हातारीने काहीतरी धरलंय मुठीत. सोडत नाहीये. काय धरलंय ते तू ठरव. कुणाला सांगू नकोस, मलापण नाही. जा!"

तिसरी घंटा. गेली.

मी विंगेत. बाई शेवटच्या रांगेत, केतकीच्या आईशेजारी. पुढचं निम्मं बाईंनी नंतर सांगितलेलं. म्हातारी आली, पाट मांडला, बसली. डाव्या हाताने मासे सारखे केले, डाव्या हाताने गिऱ्हाइकांना शिव्या घातल्या. उजवी मूठ मांडीवर. तिचं त्या मुठीकडे सारखं लक्ष. हळूहळू सगळ्या सभागृहाचं लक्ष त्या मुठीकडे. दहा मिनिटं झाल्यावर केतकीची आई बाईंना कोपराने ढोसून म्हणाली, "म्हातारी बरी करतंय गो. पन माजी पोर कवा येल?"

 बाई नंतर मला म्हणाल्या, बोलले असते तर रडले असते, आणि रडणं डॉक्टरांनी मना केलेलं नव्हतं पण मलाच नको होतं.

शेवटच्या प्रसंगात अधिकारी येतो आणि म्हातारीला उठ म्हणतो. लिहिलेलं होतं की ती काही न बोलता पाट उचलून जाते. केतकी उठली. त्याच्यापुढे उजवा हात धरला. आणि मूठ उघडली. सावकाश, एकेक बोट. रबर ताणलं, पांढरं झालं, फाटलं. तळव्याची कातडी चिंध्या होऊन बोटांना लटकली. आत काही नव्हतं. रिकामा हात.

 केतकीच्या आईने स्वतःचा उजवा तळवा मांडीवर उलटा करून बघितला, मग पदराखाली घेतला. तेव्हा तिला कळलं होतं, ही म्हातारी म्हणजेच आपली पोर.

रंगभूषेचं बक्षीस बाईंच्या नावाने पुकारलं. बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. मला खुणेने म्हणाल्या, तू जा. मी म्हणालो, नाही. आम्ही दोघं "तू जा, नाही तुम्ही" करत राहिलो, तेवढ्यात केतकीची आईच उठून व्यासपीठावर गेली आणि बक्षीस घेऊन आली. "कुनाचं तरी असंलच," म्हणाली.

नंतर गच्चीत केतकी धावत बाईंकडे आली, अजून म्हातारीच. बाईंचा हात सवयीने तिच्या हनुवटीकडे गेला आणि वीतभर अलीकडे थांबला. हवेतच थांबला. त्यांनी अंगठा नुसता फिरवला, गालाच्या बाजूने, न लावता.

"डाव्या गालाला दोन सुरकुत्या जास्त झाल्यात," त्या मला म्हणाल्या. "आणि लांब उभा राहा, शर्टवर पावडर आहे तुझ्या."

लांब उभा राहिलो.

बाईंच्या घरातले चिकाचे डबे आता माझ्या घरी आहेत. आई म्हणते, जिन्यात वास येतो. मी शास्त्र सांगतो. प्रत्येक प्रयोगाच्या सकाळी मोबाइलवर एका शब्दाचा निरोप येतो, "मनगट?" आणि मी दोन फोटो पाठवतो. एक नटाच्या मनगटाचा, एक माझ्या. दुसरा त्यांनी मागितलेला नाही, पण तो गेला नाही तर फोन येतो.

बाई गप्प बसतील असं मात्र मला वाटलं होतं. भजन वगैरे सुरू होईल. गेल्या रविवारी सकाळी आठला फोन वाजला.

"अरे, चायनाग्रास!" नमस्कार नाही, काही नाही. "आपण खरवसासारखं पुडिंग करतो ना, ते चायनाग्रास! त्यात ग्लिसरीन घालून शिजवलं. रबराचा थेंब नाही. अरे, काय हलतंय ते, जिवंत कातडं! रात्री एक नाक केलं, सकाळी मुंग्यांनी खाल्लं, पण काय नाक होतं म्हणून सांगू! मनगट बघितलं माझं, चोवीस तास, काही नाही. वाण्याकडची सगळी पाकिटं उचलली. आता चेहरा पाहिजे."

"बाई, गरम असताना लावायचं का ते?"

"थोडं गरम. फार नाही. म्हणजे मला वाटतं फार नाही. ते सोड. तुझी उजवी भुवई अजून जागेवर आहे ना?"

"आहे."

"मग ये."